लंगड्या पायाची बिस्किटं

रंगनाथरावांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापला, पकडीत धरून वाकवत आणला. डोकं झालं, दोन हात झाले, आणि पायांपाशी आल्यावर पत्राच संपला. एक पाय आखूड राहिला. तरी त्यांनी टोकं जुळवून डाग दिला आणि साचा ओट्यावर ठेवला.

"करायला गेले गणपती आणि झाला मारुती," उल्काताई म्हणाल्या. "अहो, हा लंगडतोय!"

"नाताळचा माणूस आहे. थंडीनं पाय आखडलाय त्याचा."

चैताली हसली. किती दिवसांनी हसली पोरगी! तिच्यापुढे परातीत मैदा, लोणी, सुंठ, दालचिनी आणि लवंगेची पूड होती. अमेरिकेतल्या क्लायंटनं मागे कधीतरी मेलवर पाठवलेली, माणसाच्या आकाराच्या नाताळच्या बिस्किटांची कृती. अगदी सोपी म्हणे. त्यातल्या मोलॅसिसपाशी ती अडली, तेव्हा उल्काताईंनीच फडताळातून काकवीची बाटली काढून दिली.

"सुंठ काय, काकवी काय. बाळंतिणीला देतात ते सगळं घातलंय यात," त्या म्हणाल्या. "आवडेल ना तुझ्या ऑफिसात?"

"आवडेल गं. प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचंय पार्टीला."

घरात ओव्हन नव्हता. पण दिवाळीत नानकटाईचं सामान जसं भट्टीवर नेतात, तशी ही बिस्किटंही ती चौकातल्या बेकरीत मागच्या दारानं भाजायला नेणार होती.

रंगनाथराव मान खाली घालून साच्याची कड घासत राहिले. ऑफिसच नव्हतं, तर पार्टी कुठली? पंधरा दिवसांपूर्वी मंडईत त्यांना संपत भेटला होता, चैतालीला सदाशिव पेठेतून खराडीला नेणारा कंपनीचा गाडीवाला. "ताईंचं कुठं जमलं का काका?" त्यानं सहज विचारलं होतं. "आमच्या गाडीतल्या चौघांना एकाच दिवशी घरी बसवलं. अमेरिकेत मंदी आहे म्हणतात." ती गोष्ट दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. आणि आता डिसेंबर लागला तरी पोरगी रोज सकाळी साडेआठला खांद्याला बॅग अडकवून, डबा घेऊन जिना उतरत होती. कंपनीनं गाडी बंद केली, बसनं जाते, असं तिनं घरात सांगितलं होतं. कुठं जात होती, देव जाणे.

विचारावं, तर तिचं उरलंसुरलं अवसान गळायचं. न विचारावं, तर जीव तुटतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! बायकोला सांगायचीही सोय नव्हती. उल्काताईंच्या पोटात गोष्ट राहिली असती, पण डोळ्यांत राहिली नसती. टेलिफोन खात्यात उभा जन्म लोकांच्या लायनी जोडण्यात गेला, आणि घरातल्या पोरीशी एक वाक्य बोलता येईना.

दोन दिवसांनी ते बेकरीत ब्रेड आणायला गेले. काउंटरवर खारीशेजारी एक नवी काचेची बरणी होती, आणि बरणीत ओळखीचे लंगडे दाटीवाटीनं उभे होते. रंगनाथरावांनी बरणीकडे बोट दाखवलं.

"ही काय नवीन?"

"सुंठीची बिस्किटं. एक मुलगी करते, दुपारी आमच्याच भट्टीवर," काउंटरवरचा दिगंबर म्हणाला. "नाताळपुरती ठेवलीयत. खपतील असं काही वाटत नाही."

"पाव किलो द्या."

दुसऱ्या दिवशी पाव किलोचा तेवढा खड्डा दिसत होता. बाकीचे सगळे जिथल्या तिथं. त्यांनी अर्धा किलो घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना ती बरणी बघवेना. म्हणाले, सगळीच बांधा.

"आजोबा, नातवंडं बरीच दिसतात!"

"आहेत."

नातवंड एकही नव्हतं. मधुमेहामुळे त्यांना स्वतःलाही एक तुकडा तोंडात टाकायची चोरी. वॉचमनला दिली, पेपरवाल्याला दिली. चौथ्या दिवशी ते दोघंही पुरे म्हणाले. मग उल्काताई देवळात गेल्या की रंगनाथराव स्टुलावर चढायचे आणि माळ्यावरच्या ट्रंकेत, गणपतीच्या सजावटीखाली, पुडे लपवून ठेवायचे. बरणी रोज भरत होती आणि ते रोज ती रिकामी करत होते.

पण घरात काय फरक पडला! चैताली दुसरी पोळी मागून घ्यायला लागली. संध्याकाळी जिना चढताना गुणगुणायला लागली. तिच्या ओढणीला लवंगेचा वास येई. "ऑफिसात काहीतरी चांगलं चाललंय हो," उल्काताई म्हणाल्या, आणि रंगनाथरावांना वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातात आहे.

शनिवारी ती चारलाच घरी आली. मनगटाला मैदा तसाच होता.

"आई, बाबा, बसा जरा. मला नोकरी नाहीये. अडीच महिने झाले."

उल्काताईंचा हात तोंडाशी गेला. रंगनाथरावांना आश्चर्य वाटल्याचं दाखवायचंही सुचलं नाही.

"रडू नकोस गं आई, ऐक तर! मी बिस्किटं करते, चौकातल्या बेकरीत. बाबा, बरणी रोज रिकामी होते. रोज! दिगंबरकाका म्हणतात, अकराच्या आत संपते. सोमवारपासून दोन बरण्या ठेवायच्यात."

"बरं."

"काल खराडीला इंटरव्ह्यू होता. शेवटची फेरी. गेलेच नाही मी. दुपारची भट्टी कोण सांभाळणार? आज त्यांचा फोन आला, तर सरळ नाही म्हणून सांगितलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आजचा पुडा रंगनाथरावांनी सकाळीच वर ठेवला होता; त्यांची नजर माळ्याकडे गेली आणि त्यांनी ती घाईनं खाली वळवली. समोर पोरीचा चेहरा फुलला होता, दसऱ्यानंतर पहिल्यांदा. त्या चेहऱ्याला काय सांगायचं?

"अहो," उल्काताईंनी पदरानं डोळे पुसले. "बोला ना काहीतरी तिच्याशी!"

ते उठले.

"तो साचा दे इकडं," ते म्हणाले. "त्याचा पाय तरी नीट करून देतो."

चैतालीनं बॅगेतून साचा काढला, पण त्यांच्या हातात दिला नाही.

"नको बाबा," ती म्हणाली. "लोक तो लंगडा पाय बघूनच तर घेतात."