आधी वाचा, मग काढा

वहिनीच्या थोरल्या नातीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात एकाच वेळी दोन गळे रडायचे आणि बाटल्या उकळायचं पातेलं शेगडीवरून उतरायचं नाही. त्या पातेल्यातच एके दिवशी पहाटे वहिनीला पीस तरंगताना दिसलं.

वहिनी म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघरात चौतीस वर्षं कपडे धुतलेली बाई. सगळी वसाहत तिला वहिनीच म्हणायची, कारण तिची नणंद तिला तशी हाक मारायची आणि नणंदेचा आवाज चार इमारतींना पुरायचा. ही नणंद, म्हणजे वन्सं, छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाली होती आणि समोरच्या इमारतीत एकटी राहायची. भाऊ वारल्यावर तिनेच त्रेसष्ट वर्षांच्या वहिनीला अक्षरं शिकवायला घेतली. "चादरीवरचा सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो तुला, मग एवढा मोठा काना कसा दिसत नाही गं?" असं म्हणत म्हणत शिकवली. वहिनी वाचायला शिकली, पण मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलं नाही. डोळ्यांपुढे अक्षर आलं की ते तोंडातून बाहेर पडायचंच.

तर वहिनी पाच जिने चढून गच्चीवर गेली. साऱ्या वसाहतीला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं झाकण फुटलेलं, आत कबूतर मरून पडलेलं. ती खाली आली आणि पाऊण तास खपून तिने फोनवर, वसाहतीच्या पानावर, तीन वाक्यं लिहिली. जन्मात पहिल्यांदा तिने चारचौघांसाठी काही लिहिलं होतं. साडेसहाला ते पाठवलं. वन्सं रोज सात वाजता ते पान वाचायच्या.

खिडकीतून एक हाक मारली असती तरी चाललं असतं. पण वहिनीने मारली नाही. वन्संनी आपलं आपण वाचावं, एकही चूक सापडू नये आणि थक्क व्हावं, एवढीच तिची हौस होती.

पावणेसातला ती वाक्यं गायब झाली. टाकीच्या ठेकेदाराने "अफवा" म्हणून तक्रार केली आणि ते पान चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्राने ती उडवली. नवा कायदा येऊ घातला होता: तक्रार आली की तासाभरात मजकूर काढायचा, लिहिणाऱ्याला विचारायचं नाही, नाहीतर शिक्षा. कायदा यायच्या आधीच कंपन्यांनी तो धास्तीने पाळायला सुरुवात केली होती. वहिनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन दिवस वन्संचा आवाज आला नाही, तेव्हा तिला वाटलं, ढीगभर चुका सापडल्या असणार, म्हणून गप्प आहेत. शरमेने तीही तिकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी वन्संना इस्पितळात हलवलं. वसाहतीतली एकवीस माणसं आजारी पडली. बाकीची बरी झाली, वन्संची मूत्रपिंडं मात्र कायमची अधू झाली.

कायद्याच्या मसुद्यावर समितीपुढे सुनावणी होती, कुणालाही अर्ज करून बोलता येणार होतं. वन्संनी खाटेवर पडल्या पडल्या वहिनीच्या नावाचा अर्ज भरला.

"मी काय बोलणार, वन्सं? माझी जीभ टाळ्याला चिकटेल."

"चिकटू दे. कानामात्रा सुटला नाही म्हणजे झालं."

हाक का मारली नाही, हे वहिनीने त्यांना अजून सांगितलं नव्हतं. ते तिला आतून पोखरत होतं.

सुनावणीच्या दिवशी तिने वन्संची चाकाची खुर्ची ढकलत आत नेली आणि दारातच थबकली. एवढं उंच छत तिने कधी पाहिलं नव्हतं. पण छतापेक्षा मोठी नवलाई समोर होती. एक मुलगी लहानशा यंत्रावर बोटं फिरवत होती आणि जो कुणी बोलेल त्याचे शब्द भिंतीवरच्या पडद्यावर उमटत होते. अध्यक्ष खोकले, तर कंसात "खोकला" असंही आलं. वहिनीच्या अंगावर काटा आला. माणसाच्या तोंडून निघालेलं वाऱ्यावर जात नाही, ते इथे भिंतीवर राहतं!

"तोंड मिट गं," वन्सं पुटपुटल्या. "माशी जाईल."

आधी एक शिक्षिका बोलली. कुणीतरी तिचा चेहरा भलत्याच चित्राला चिकटवून पसरवला होता. तिने चाळीस अर्ज केले. चित्र एकोणीस दिवस राहिलं. तिची मुलगी अजून शाळेत जात नाही. "तासभरसुद्धा फार होतो," ती म्हणाली. ते शब्द पडद्यावर आले आणि कुणी खालीच बघेना.

वहिनीच्या हातात "कुणाचं काहीही काढू नका" असं लिहिलेला कागद होता. तिने तो चार घड्या घालून पदरात खोचला. मग तिचं नाव पुकारलं.

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली, "आपल्या टाकीचं झाकण फुटलं आहे. आत कबूतर मेलं आहे. पाणी उकळून प्या."

शब्द पडद्यावर आले. तिचीच वाक्यं, हाताएवढ्या अक्षरांत. वहिनीचं भान हरपलं. तिने बोट वर केलं आणि मोठ्याने वाचलं, "आपल्या टाकीचं झाकण फुटलं आहे. आत कबूतर मेलं आहे. पाणी उकळून प्या." मुलीने तेही टिपलं. खाली पुन्हा तीच वाक्यं उमटली. वहिनीने तीही वाचली. तिसऱ्यांदा उमटली. सभागृह हसू लागलं.

"वहिनी, पुरे!" मागून वन्सं ओरडल्या. पडद्यावर ते "वहिनी, पुरे!" पण आलं.

वहिनीने पडद्याकडे पाठ केली, तेव्हा कुठे तिला बोलता आलं.

"मी वन्संना हाक मारली नाही," ती म्हणाली. "त्यांनी शिकवलं, त्यांनीच वाचावं म्हणून थांबले. शहाणपणा नडला माझा. त्या ते पाणी प्यायल्या." हसणं थांबलं. "या बाईंचं एकोणीस दिवस राहिलं, माझं पाव तास. दोन्ही वेळा कुणी वाचलंच नाही. आमच्या धुलाईघरात खिसा चाचपल्याशिवाय कपडा यंत्रात जात नसे. सुई निघायची, अंगठी निघायची, एकदा एका डॉक्टरच्या खिशातून रोग्याची चिठ्ठी निघाली. आधी हात घालायचा, मग ठरवायचं, धुवायचं की परत द्यायचं."

समितीतल्या वकिलाने चष्मा काढला. "आजी, रोज कोट्यवधी मजकूर येतात. कोण वाचणार?"

"आमच्याकडे रोज नऊशे कपडे यायचे, साहेब. आणि तक्रार आलेलेच वाचायचेत ना? मी उतारवयात शिकले, मला ही तीन वाक्यं वाचायला एक मिनिट लागतं. तुम्हाला किती लागतं?"

वकिलाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पडद्यावर प्रश्न तेवढा उभा राहिला.

अध्यक्षांनी विचारलं, "ती वाक्यं तीनदा नोंदली गेली आहेत. पुनरुक्ती वगळायची का?"

"राहू द्या," शिक्षिका म्हणाली. "एकदा पुसून झालीत ती."

वहिनी मागे आली, पण वन्संच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना. वन्संची नजर पडद्यावर होती. सवयीने त्यांचं बोट हवेत ओळीखालून सरकत होतं.

"वेडी कुठली," त्या हळूच म्हणाल्या. "तिन्ही वेळा तपासलं. तू बोललीस त्यात एक चूक नाही गं."

"मुलीने लिहिलंय ते, वन्सं. माझं तर पुसलं."

"मग घरी जाऊन परत लिही. मी बघते."

त्या दिवशी संध्याकाळी वहिनीने वहीत ती वाक्यं लिहिली. "झाकण"चा झ उलटा पडला होता. वन्संनी लाल पेन मागून घेतलं, खूण केली आणि समाधानाने पडून राहिल्या.

कायदा पुढच्या वर्षी आला. तासाची अट गेली. तक्रार आलेला मजकूर सहा तासांच्या आत माणसाने वाचायचा आणि मगच ठरवायचं, असं त्यात लिहिलं होतं. वहिनीने ते कलम मोठ्याने वाचलं, समोरच्या बंद खिडकीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. वन्सं त्याच्या अकरा दिवस आधी, मंगळवारी सकाळी सव्वासातला इस्पितळात वारल्या.