जुन्यावर चालतो, नव्यावर नाही

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही चिकलठाण्याच्या ऑफिसात आलो, तर नवा कॉम्प्युटर कीबोर्डच ओळखेना. कुठलंही बटण दाबा, पडदा ढिम्म. मी हेडक्लार्क, बावीस वर्षांची नोकरी; सगळे मला आप्पासाहेब म्हणतात. माझा संशय सरळ आशाबाईवर गेला.

आशाबाई आमची ऑपरेटर. तिला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांपुढं जायचा होता. पंधरा दिवसांपूर्वी मी रजा नाकारली, तरी ती विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला गेली. आल्यावर मी तिला चारचौघांत झापलं, तर बाईनं हूं की चूं केलं नाही. गप्प बसणाऱ्या माणसाची मला फार धास्ती वाटते.

मी तोच कीबोर्ड जुन्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. खटाखट अक्षरं उमटली. म्हणजे कीबोर्ड धडधाकट. नव्या मशीनलाच कुणीतरी काहीतरी केलंय. आणि ते मशीन तिच्याशिवाय चालवतं कोण? स्वतःच्या हुशारीवर मी खूश झालो. लगेच साहेबांना चिठ्ठी लिहिली : बाई भरवशाची नाही, कायम करू नये.

दुपारी औरंगपुऱ्यातून बद्रीनाथ मेकॅनिक आला. त्यानं मशीन उघडलंसुद्धा नाही. कीबोर्ड उलटा केला. पाठीला नखाएवढी एक कळ होती.

"आप्पासाहेब, ही जुन्या मशीनकडं सरकलीय. नव्याला इकडं पाहिजे."

त्यानं कळ सरकवली, कीबोर्ड नव्याला जोडला, मशीन पुन्हा सुरू केलं. अक्षरं उमटली. मग त्यानं आपलं बोट दाखवलं. हळदकुंकू लागलं होतं.

"खालून फडक्यानं कुणी पुसलं व्हय?"

सगळ्यांनी आशाबाईकडं पाहिलं. मीही पाहिलं.

"मी नाय," ती म्हणाली. "खंडेनवमीला आप्पासाहेबांनीच पुसून पूजा केली. मला म्हणले, आज तू मशीनला शिवू नको. मी दारापाशी उभी होते."

शब्द माझेच होते. बोलताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, त्याचीच आता जास्त लाज वाटली.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. चिठ्ठीवर त्यांची सही झाली होती.

"साहेब, कळ माझ्याच हातून सरकली. बाईचा काही दोष नाही."

साहेबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसले.

"मोर्चावाल्यांनी दम दिला का, आप्पासाहेब?"

मी नाही नाही म्हणत राहिलो. त्यांनी चिठ्ठी फायलीत लावली आणि दोरी आवळली.