आवडीच्या बातम्या

नरेश गुरुजींना सगळे फुटबॉल गुरुजी म्हणत. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. कर्जतच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी वाडीच्या शाळेत त्यांची बदली झाली, तेव्हा पाचवीतल्या पोरांना मराठीचं पुस्तक धड वाचता येत नव्हतं. येणार तरी कसं? वाडीची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी, आणि पुस्तकात काय, तर बागेतली सहल आणि वाढदिवसाचा केक! पोरं गप्प बसत. विचारलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. गुरुजींनी वर्षभर जंग जंग पछाडलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा त्यांनी बाजारातून फुटबॉल आणला, तो आपला पोरांचं मन रमावं म्हणून. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात सामना झाला आणि सामन्यानंतर भांडण. "हात लागला व्हता त्याचा!" "नाय लागला! तू खोटारडा हायस!" वर्गात ज्यांच्या तोंडून हूं की चूं निघत नव्हतं, ती पोरं तासभर तावातावानं बोलत होती. कोण कुठून पळाला, कुणी कुणाला पाडलं, सगळं अगदी क्रमवार. गुरुजी शिट्टी तोंडात धरून बघतच राहिले. शेवटी त्यांनी निवाडा दिला : जो घडलं ते नीट लिहून दाखवील, त्याचं खरं मानायचं.

उपक्रम सुरू झाला तो असा. रोज अर्धा तास खेळ आणि खेळानंतर प्रत्येकानं सामन्याची बातमी लिहायची. जो लिहिणार नाही तो उद्या खेळणार नाही. फळ्याच्या कोपऱ्यात गुरुजींनी तीन नियम लिहून ठेवले, ते कधी पुसले नाहीत. डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. बातमीत 'मी' आणायचा नाही, रडगाणं गायचं नाही. आणि शेवट लिहायचाच, निकाल सांगितल्याशिवाय बातमी सोडायची नाही.

हळूहळू पोरं लिहायला लागली. त्यांतही आवडीचा हात कुणी धरला नसता. लडकू आणि सुनिताची ही थोरली, सहावीत. तिला खेळण्यापेक्षा बघण्यात रस. बांधावर उकिडवी बसायची, वही मांडीवर. तिचा धाकटा भाऊ विकास दुसरीत होता आणि गोलात उभा राहायचा. अंगापेक्षा चड्डी मोठी. एका हातानं चड्डी धरायची आणि दुसऱ्या हातानं बॉल अडवायचा. आवडीनं एकदा लिहिलं होतं : "विकासने एका हाताने तीन गोल अडवले. दुसरा हात कामात होता." गुरुजी ते वाचून इतके हसले की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

गुरुजींचे वडील बौद्धवाड्यातल्या विहारात त्यांना अभ्यासाला बसवत आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत : लिहिता येणारा माणूस कुणापुढे लाचार होत नाही. ते गुरुजींच्या हाडीमाशी भिनलं होतं. म्हणून तर दरवर्षी दिवाळी उलटली की ते पुन्हा पुन्हा हजेरीपट मोजत. वीटभट्टीचा टेंपो यायचा आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं भरून अर्धी वाडी उठून जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. पोरं परत येत तेव्हा येरे माझ्या मागल्या. अक्षरसुद्धा ओळखत नसत. आवडीचंही तसंच होणार, या विचारानं गुरुजींना चैन पडेना.

या वर्षी त्यांनी तोड काढली. लडकू पहिल्यांदाच खालापूरच्या पलीकडे पाताळगंगेच्या काठच्या भट्टीवर निघाला होता. तिथल्या विटा नेरळच्या नव्या इमारतींवर पोचवणारा टेंपोवाला पोपट शाळेवरूनच जायचा. गुरुजींनी आवडीला दोन वह्या दिल्या आणि विकासच्या हातात एक फुटबॉल. "दर शनिवारी एक बातमी. पोपटदादाकडे वही द्यायची. मी तपासून सोमवारी परत धाडतो, तोवर दुसऱ्या वहीत लिही. लिहिणं तुटू द्यायचं नाही."

आवडीनं मान डोलावली. सुनितानं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. "गुरुजी, तुमी सोता वाचनार ना?"

"वाचणार तर!"

"मंग आमाला घोर नाय. तुमची नदर ऱ्हाईल पोरांवर."

बातम्या येऊ लागल्या. भट्टीवरच्या पोरांचे दोन संघ झाले होते, कच्च्या विटा रचून गोल केले होते, मुकादमानं दोनदा ते लाथेनं पाडले होते. गुरुजी लाल पेन घेऊन बसत, एकेक ओळ पुरवून पुरवून वाचत आणि बायकोला, दर्शनाला, वाचून दाखवत. दर्शना दहिवलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. दमून आलेली असली तरी विकासच्या चड्डीची खबर ती आवर्जून विचारी.

मग माघात तालुक्याच्या शिक्षण परिषदेचं पत्र आलं. गुरुजींनी उपक्रम मांडायचा, मोठे साहेब येणार. माणूस कितीही साधा असो, पाठीवर थाप पडणार म्हटलं की पाठ आधीच पुढे होते. गुरुजींचे दिवस तक्ते आणि फोटो यांत जाऊ लागले. वही यायची, पण आता ती जेवणाच्या ताटाशेजारी उघडली जायची. वाचून दाखवणं बंद पडलं.

त्यातल्या एका शनिवारी आवडीनं लिहिलं होतं : "आज विकास गोलात नव्हता. त्याला चार दिवस ताप आहे. तो विटांच्या सावलीत निजून सामना बघत होता. आमचा संघ पाच गोलांनी हरला." गुरुजींनी दोन वेलांट्या सुधारल्या आणि खाली लिहिलं, शाब्बास.

पुढच्या शनिवारची बातमी अशी होती : "आज सामना लहान झाला. विकास उठून बसला नाही. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आहेत. भगताने गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ लांब होत जाईल तशी कावीळ उतरेल असे तो म्हणाला. माळ लांब झाली नाही. मुकादम म्हणाला भट्टी लावून झाली की दवाखान्यात जा."

गुरुजींनी हळदीच्या खाली लाल रेघ ओढली. शेजारी लिहिलं, वर्णन छान! सगळ्यात खाली लिहिलं, शेवट लिहायचा राहिला. निकाल काय लागला? मग त्यांनी या दोन्ही बातम्यांच्या पानांची झेरॉक्स काढली, मोठी करून तक्त्यावर डकवली आणि वही पोपटच्या हाती परत दिली.

परिषद शनिवारी झाली. त्या दिवशी शाळा बंद, त्यामुळे पोपट तिकडे फिरकला नाही. तक्त्यापुढे ही गर्दी! शिक्षकांनी मोबाईलवर फोटो काढले. साहेबांनी हळदीची उपमा मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "बघा, आदिवासी मुलगी काय लिहिते!" टाळ्या पडल्या. एवढी शिकलेली माणसं, सगळ्यांना वाचता येत होतं, आणि एकानंही वाचलं नाही. गुरुजींना शाल मिळाली.

संध्याकाळी दर्शना घरात तक्ते गुंडाळून ठेवत होती. ती मध्येच थांबली.

"अहो, हा विकास आता कसा आहे?"

"कोण विकास?"

"चड्डीवाला. आधी ताप, मग डोळे पिवळे, उठून बसत नाही. ही कावीळ अंगात भिनलीय हो. कुणी नेलं का याला दवाखान्यात?"

गुरुजींनी तक्ता हातात घेतला. स्वतःच्या लाल अक्षराशी आले आणि पुन्हा वरून वाचू लागले. दर्शनानंही ते वाचलं. तिनं फोन उचलून त्यांच्या हातात दिला. लडकूचा नंबर भट्टीवर गेल्यापासून लागत नव्हता. त्यांनी पोपटला लावला.

"पोपट, विकास बरा आहे ना रे?"

पलीकडे टेंपोचं इंजिन बंद झालं. "गुरुजी, मंगळवारी गेला पोरगा. माझ्याच टेंपोत. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. वहीत लिवत व्हती ना ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटरसायकलवरून भट्टीवर गेले. बैल गेला नि झोपा केला, असं गुरुजी वाटेभर स्वतःला म्हणत होते. भट्टी पेटलेली होती आणि काम चालू होतं. पाच दिवसांपूर्वी ज्याचं पोर गेलं तो लडकू चिखल तुडवत होता. त्यानं गुरुजींना बघितलं, पाय धुतले आणि दर्शनाला बसायला गोणपाट अंथरलं. ते आदरातिथ्य गुरुजींना शिवीपेक्षा जास्त लागलं.

"लडकू, माझं चुकलं रे," ते म्हणाले.

"तुमचं कसं? भोगच आमचे." लडकू खाली बघत राहिला. "मुकादमाशी भांडून मी आधीच नेनार व्हतो. पन आवडी म्हनाली, गुरुजींना लिवलंय. म्हटलं, गुरुजी शानं मानूस, येतील न्हाईतर निरोप धाडतील."

सुनिता झोपडीच्या दारात बसली होती. तिचा आवाज अगदी बसला होता. "वही परत आली, तवा लाल लाल किती लिवलं व्हतं तुमी. मला बरं वाटलं. मला वाटलं, औषिद लिवून धाडलं गुरुजींनी. मी आवडीला म्हनलं, वाच गं. ती नुसती वहीकडं बघत बसली."

दर्शना सुनिताजवळ सरकली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. गुरुजी तिथं उभे राहू शकले नाहीत. ते झोपडीमागे गेले. तिथं कच्च्या विटांचा गोल अजून उभा होता आणि त्याच्यापाशी आवडी होती. तिनं त्यांना बघितलं, आत जाऊन वही आणली आणि नेहमीसारखी दोन्ही हातांनी पुढे केली.

"शेवट लिवलाय, गुरुजी. तपासा."

गुरुजींनी वही उघडली.

"मंगळवारी सामना झाला नाही. भट्टी लावून झाली. सकाळी विकासला पोपटदादाच्या टेंपोतून खोपोलीला नेले. बाबा पुढे बसले. आई मागे बसली. विकासचे डोके मांडीवर होते. वाटेत त्याने पाणी मागितले. पाणी दिले. तो दोन घोट प्यायला. त्याने विचारले, गुरुजी आले का. दवाखान्याच्या दारात त्याचा हात खाली पडला. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. आता गोलात कोणी उभे राहत नाही. शेवट : विकास लडकू वाघमारे, इयत्ता दुसरी, वारला."

गुरुजींनी दोनदा वाचलं. या खेपेला एक शब्दही सोडला नाही. कुठं एक चूक नव्हती. मग त्यांनी विचारलं, "आवडे, पाणी कुणी दिलं त्याला? डोकं कुणाच्या मांडीवर होतं गं?"

"माझ्या," आवडी म्हणाली. "मीच दिलं पानी. पन बातमीत 'मी' आनायचा नाय ना, गुरुजी."

गुरुजी त्या विटांवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. आवडी वही परत मिळायची वाट बघत तिथंच उभी राहिली.