ओल्या लोकरीचं वजन

थोरलीने लोकरीची पट्टी चिमट्यात अडकवली, खाली वजन टांगलं आणि पट्टी किती ताणली गेली ते लिहून घेतलं. संगणकावर घडवलेल्या माणसांचे कपडे पडद्यावर खरे वाटावेत म्हणून खरं कापड आधी असं मोजावं लागतं: किती जड, किती वाकतं, किती ताणतं. उभं-आडवं ओढलं तर कापड दाद देत नाही, तिरकं ओढलं की लगेच वाहवतं. अगदी नवऱ्यांसारखं, असं ती या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना हसत सांगायची. धाकट्या बहिणीसमोर मात्र म्हणाली नाही.

धाकटी सिनेमांसाठी संगणकावर कपडे बनवायची. आज ती स्वतःच पट्ट्या घेऊन आली होती. कोणीतरी तळ्यात पडतं असं दृश्य आहे, ओल्या कापडाचीही मापं हवीत, एवढंच तिने सांगितलं.

थोरलीने भिजलेली पट्टी काट्यावर ठेवली. वजन तिपटीच्या वर गेलं.

"एवढं जड व्हायला वेळ किती लागतो?" धाकटीने विचारलं.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. संगणकाला कोरडं कापड लागतं, ओलं लागतं. मधल्या मिनिटांशी त्याला काही देणंघेणं नसतं. तिने पट्टी उलटून पाहिली. कडेला उसवलेल्या शिलाईची भोकं होती. वापरातल्या कोटाची आतली दुमड कापून आणली होती.

धाकटीवर नवऱ्याने पहिल्यांदा हात उचलला त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून तिचं बोलणंच आटलं होतं. माझ्याकडे राहायला ये म्हणून थोरलीने परोपरीने सांगून पाहिलं, पण ती ऐकेना. आणि उद्या ती दोघं तळ्यावर जाणार होती, होडीतून फिरायला. ही पोरगी जिवाचं बरंवाईट करून घेणार, असंच थोरलीला वाटलं. तिने बहिणीचं मनगट घट्ट धरलं.

"उद्या हा कोट घालून तू होडीत पाय ठेवायचा नाहीस. माझी शपथ आहे तुला."

धाकटीने हात सोडवून घेतला नाही.

"मी कशाला घालू? त्याचा आहे तो. मला खांद्यांत केवढा मोठा होतो." मग ती म्हणाली, "वेळ सांग ना, ताई."

थोरलीने तिचं मनगट सोडलं. मग तिने एक कोरडी पट्टी उचलली, घड्याळ लावलं आणि ती पाण्यात सोडली.