ला पाझचा बालेकिल्ला

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीला "येस मिस" म्हणतानाही नुपूरचा आवाज घशात अडकायचा. यंदा मात्र तिला जो कंठ फुटला, तो कोणाच्या बापाला ऐकेना. नववीच्या भूगोलातून एकच जण शाळेच्या ओपन नाइटला सगळ्या पालकांसमोर बोलणार होता. तो एकच जण म्हणजे आपणच, हे तिने घरी, शेजारी आणि लाइट रेलमधल्या एका अनोळखी आजोबांनाही सांगून टाकलं होतं.

निवडीसाठी आधी वर्गात बोलायचं होतं, आणि तिला विषय मिळाला ला पाझ. कागदोपत्री राजधानी दुसरी असली तरी बोलिव्हियाचं सरकार चालतं ते इथूनच, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच. इतकं उंच म्हटल्यावर आणखी वाचायचं काय? नुपूर थेट गराजमध्ये गेली. जाळीवर कागदाचा लगदा थापून केलेला दिवाळीचा किल्ला तिथे अजून शाबूत होता.

"बाबा, याचंच ला पाझ करूया."

दत्तप्रसाद लॅपटॉप मिटून लगेच गुडघ्यांवर बसले. परदेशातल्या या गुंगालिन उपनगरात त्यांना गडकिल्ल्यांबद्दल कोणी काही विचारत नसे. "राष्ट्राध्यक्षांचा वाडा बालेकिल्ल्यावर. श्रीमंत माचीवर. गरीब पायथ्याशी."

"आणि केबल कार?"

"गरिबांना वर न्यायला."

दोघांनाही हे इतकं पटलं की पुस्तक उघडावंसं कोणालाच वाटलं नाही. भाषण नुपूरने शाळेत जाता जाता फोनवर शोधलं आणि तसंच पाठ केलं, अर्थाला अजिबात हात न लावता.

वर्गात ती सुटलीच. "सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक पठारावर आले. तिथे बोचरा वारा. म्हणून त्यांनी शहर खाली दरीत हलवलं." तोंड दरीत उतरत होतं आणि बोट बालेकिल्ला चढत होतं.

"खाली म्हणतेयस, मेट," पुढच्या बाकावरचा लियम म्हणाला, "आणि दाखवतेयस वर."

नुपूरने बोटाकडे पाहिलं. पुढचं वाक्य तर आणखी घात करणार होतं. श्रीमंत राहतात सगळ्यात खाली, जिथे ऊब आहे. कष्टकऱ्यांची वस्ती वर, पठाराच्या थंडीत. जुनी नुपूर टॉयलेटला जायची परवानगी मागून मोकळी झाली असती. नवीला तेवढीही अक्कल नव्हती. तिने किल्ला दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ उलटा केला.

चार मावळे लियमच्या मांडीवर पडले. पण पोकळ डोंगराची आता खोलगट वाटी झाली होती.

"हे ला पाझ," ती म्हणाली. "कडेला गरीब, तळाला श्रीमंत. राष्ट्राध्यक्ष सध्या दबलेत, त्याबद्दल सॉरी."

हसून हसून मिस कार्टरना चष्मा पुसावा लागला. "ओपन नाइटला तूच. पण अगदी असंच करायचं. आधी चूक, मग उलटं."

"सगळ्यांसमोर परत चुकायचं?"

"हो. नाहीतर दुसरं कोणीतरी बोलेल."

नुपूरने हो म्हटलं. घरी हे ऐकून बाबा गंभीर झाले.

"म्हणजे ती कल्पना माझी होती, हेही सांगणार?"

"नाव घेऊन. तुम्हाला उभं राहायला लावणार."

दत्तप्रसादांनी थोडा विचार केला. "मग निळा शर्ट इस्त्री करून ठेवतो."