लिहायचा हक्क

“चटणी चौघीजणी आणायल्यात,” सूर्यभान सर पडद्याकडे बघत म्हणाले. “अन् मीठ कोणीच न्हाई.”

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. पडद्यावर आमच्या हुरडा पार्टीची यादी होती. कांचन गूळ, मी दही, कोणी गोवऱ्या, चौघी शेंगदाण्याची चटणी. सरांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि पुन्हा वरून सुरू केली, मध्येच कुठेतरी त्यांची स्वतःची यादी निघेल म्हणून.

निघणार नव्हती. तिच्यावरच मी आमची लिहिली होती.

परभणीतल्या आमच्या क्लासमध्ये सहा कॉम्प्युटर होते, सगळे तारांनी एका मोठ्या मशीनला जोडलेले. त्याला सर्व्हर म्हणतात. त्यात सगळ्यांसाठी एक सामायिक जागा होती, चौकातल्या फळ्यासारखी. वाचायचं कोणी आणि लिहायचं कोणी, हे सर ठरवायचे. वीस वर्षं टायपिंग शिकवलेला माणूस. मशीन आली तसं मालकांनी त्यांना तिच्यापुढे बसवलं. त्यांचा नियम सरळ होता: वाचायला सगळ्यांना, लिहायला त्यांना एकट्याला. ते रजेवर असले की पासवर्ड माझ्याकडे, क्लास सुरू करण्यापुरता. दहावीतल्या मुलीकडे सर्व्हरचा पासवर्ड! शाळेत मी हे इतक्यांदा सांगितलं की बाईंनी मला उठवून मागच्या बाकावर बसवलं.

त्या सामायिक जागेत सरांची एक फाईल होती, ‘यादी’ नावाची. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, सरांच्या गावातली त्यांची वस्ती जाळली होती. सर दर रविवारी एस.टी.ने तिकडे जायचे, एकेका म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारायचे, तुमच्या घरात काय काय होतं? ते ध्यानात ठेवायचे आणि सोमवारी टाईप करायचे. गावचं कोणी परभणीला आलं की क्लासमध्ये येऊन वाचून जायचं.

“सर, वहीत का नाही लिहीत?” मी एकदा विचारलं होतं.

“कागद जळतो, माय.”

आमच्या घरी त्या सालाचा विषय निघाला की वडील रेडिओचा आवाज वाढवतात. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

मग परवा शुक्रवारी संक्रांत आली. विद्यापीठाचं नाव बदललं, शहरात बंदोबस्त होता, सर रजेवर होते. मशीनपुढे मी.

“सगळ्यांची जागा म्हणतीस, मग आमाला का लिहू देईना?” कांचन म्हणाली. “का तुलाच येत न्हाई ते?”

मला येत नाही? मी पासवर्ड टाकला आणि त्या जागेत सगळ्यांना लिहायचा हक्क देऊन टाकला. सहा मशीनवर सहाजणी ओरडायला लागल्या. सगळ्यांचं गोळा करून मी माझ्या नावाने एकच यादी केली आणि तिला नाव दिलं ‘यादी’. मशीनने विचारलं, या नावाची फाईल आहे, तिच्यावर लिहू का? कांचन बघत होती. थांबून वाचताना मी तिला दिसायला नको होते. मी ‘हो’चं बटण दाबलं.

“तुमच्या यादीची नक्कल फ्लॉपीवर असेल ना, सर?” मी आता विचारलं.

“फ्लॉप्या मालकाच्या कपाटात. मागितली न्हाई मी. घरचं काम ते.”

“शुक्रवारी लाईट गेली होती. तेव्हाच काहीतरी झालं असेल.”

“असंल,” सर म्हणाले.

मी दप्तर उचललं, दारापर्यंत गेले, चपला घातल्या. एवढं सोपं निघालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. चपला काढून मी परत आले.

“लाईट नव्हती गेली, सर.”

“माहिती हाय. लिहिणाऱ्याचं नाव दाखवतंय ते.”

“पासवर्ड बदला, सर. मला नका देऊ.”

सरांनी चष्मा पुसला. दोन-चार बटणं दाबून सगळ्यांचा लिहायचा हक्क काढला आणि आपल्या नावाखाली माझं नाव घातलं.

“बस. आज बोटं चालनात माझी. बाकीची म्हातारी माणसं हायत अजून, पुन्ना इचारता येईल. सरजाबाई तेवढी दिवाळीत गेली. इसरायच्या आत तिचं लिहू. अकरा वस्तू सांगितल्या होत्या. एकेक बोट दुमडायची. धा बोटं सरली की हसायची, म्हणायची, आता पायाचं घे.”

मी बसले. सर सांगत गेले. शिलाई मशीन. दोन गोधड्या. सुनेची लग्नातली पेटी. कंदील. मुलाचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. एकेकाला वेळ लागत होता. नऊवर ते थांबले. बराच वेळ ते स्वतःची बोटं दुमडत, उघडत राहिले.

“धा टाक,” ते म्हणाले.

मी दहाचा आकडा टाकला. पुढे काही आलं नाही.

“अकरा बी टाक. ऱ्हाऊ दे तसंच.”

“फाईलला नाव काय देऊ, सर?”

“यादीच.”

मी नाव दिलं. मशीनने विचारलं, या नावाची फाईल आहे, तिच्यावर लिहू का? या वेळी मी तो प्रश्न पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. माझं बोट उठेना.

“दाब,” सर म्हणाले. “हुरडा झाला न्हवं तुमचा.”