न्यू व्हिटबीचं इन्स्पेक्शन

शंकररावांना एखादी गोष्ट आवडल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. नागपूरच्या आय.टी.आय.मध्ये जन्मभर टर्नरचे इन्स्ट्रक्टर. पोरं लेथवर लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, कापून आणायची, शंकरराव त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, “रिजेक्ट.” रिटायर झाले तरी अंगठा काही रिटायर झाला नाही. लग्नाच्या पंगतीतली जिलेबी रिजेक्ट, शेजारच्यांनी बांधलेला जिना रिजेक्ट, आणि मुलीकडे अमेरिकेत आल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या अपार्टमेंटचं दार रिजेक्ट, कारण बिजागरी करकरत होती.

असा माणूस न्यू व्हिटबीला जायचं म्हणून हट्ट धरून बसला, तेव्हा हर्षिताने कपाळाला हातच लावला.

“बाबा, सगळ्यांचे आईबाबा नायगारा बघतात. तुम्हालाच काय हे पडकं गाव हवंय?”

“नायगारा म्हणजे पाणी पडतं ना? ते आमच्या नळालाही पडतं, कधीकधी. मला समुद्र पाहिजे.”

हर्षिता स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करत होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. तिच्याकडे गाडी नव्हती. गाडी होती तिच्या रूममेटकडे, पुण्याच्या वल्लरीकडे. २००६च्या ऑक्टोबरात एका शनिवारी पहाटे चौघं त्या जुन्या गाडीत बसून न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडे निघाली. वल्लरी गाडी चालवत होती आणि हर्षिता तिच्या शेजारी बसून, इंटरनेटवरून छापून घेतलेली लोकांची मतं मोठ्याने वाचत होती. ही पिढी चहा प्यायलासुद्धा आधी चार अनोळखी माणसांची मतं वाचून जाते, असं मागे शंकररावांशेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, रमाबाईंना वाटायचं.

“ऐका हं. एक स्टार. ‘गाद्या दमट, नळाला गंजाचं पाणी. एका पक्ष्याने माझं सँडविच पळवलं आणि हॉटेलवाल्यांनी काहीही केलं नाही.’”

“त्यांनी काय करायचं, उडायचं मागे?” वल्लरी म्हणाली.

“पाच स्टार. ‘आमचा हनिमून इथे झाला. तेव्हापासून दरवर्षी येतो. इथे काहीही बदललेलं नाही.’ आणि हे, दोन स्टार. ‘इथे काहीही बदललेलं नाही.’”

दोघी पोरी खो खो हसल्या. मागच्या सीटवर शंकररावही हसले. रमाबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष नवऱ्याच्या डोळ्यांकडे होतं. थेंब घालायची वेळ झाली होती आणि पोरींसमोर बाटली काढायची पंचाईत होती.

काचबिंदू. डावा डोळा कधीच गेला होता आणि उजव्यात एवढंसं भोक उरलं होतं, तेही धुकट. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती दिवस राहील ते बघू. हर्षिताला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होऊ द्यायचं नाही, हे शंकररावांनी विमानात बसायच्या आधी रमाबाईंकडून वदवून घेतलं होतं. त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी रमाबाईंच्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा ही पोरगी चालू सेमिस्टर टाकून नागपूरला येऊन बसली होती. आता डोळ्यांचं कळलं तर सगळंच सोडून येईल. अख्ख्या घराण्यात पहिली डॉक्टरेट, एका वर्षावर आलेली.

म्हणून गेला महिनाभर रमाबाई नवऱ्याचा कोपर धरून चालत होत्या आणि कानात पुटपुटत होत्या. “दोन पायऱ्या.” “डावीकडे खुर्ची.” “तो हात पुढे करतोय, शेकहँड करा.” मेनूकार्ड आलं की “चष्मा विसरलो.” थेंब दिसले की “डोळे कोरडे पडतात.” हर्षिता तर चिडवायची, म्हातारपणी हातात हात घालून फिरता, अमेरिकेची हवा लागली वाटतं! रमाबाई लाजल्यासारखं करायच्या आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यायच्या.

आणि समुद्र? समुद्र त्यांनी पाहिला होता की. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे दोघं, पुढे कडेवर हर्षिताला घेऊन. पांढरी साडी, पांढरा सदरा, रात्रभर रांग, मग बाबासाहेबांना वंदन, मग शिवाजी पार्कावर पुस्तकांची खरेदी. दादरचा समुद्र तिथेच मागे असायचा. पण तो माणसांच्या डोक्यांवरून वीतभर दिसायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडायचं, चला, गाडी सुटेल. “पुढच्या वर्षी एक दिवस राहू रमा, नुसते बसू,” असं शंकरराव दर वर्षी म्हणायचे. पुढच्या वर्षी सुट्टी नसायची, किंवा पोरीची परीक्षा असायची.

त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एका विलायती लेथ कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष सरलं तरी चित्र कुणी काढलं नव्हतं. इंग्लंडातलं समुद्रकाठचं गाव, पाण्यात लांब गेलेला पांढरा लाकडी धक्का, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या खुर्च्या, आणि त्यांत काहीही न करता बसलेली माणसं. शंकरराव घरी येऊन सांगायचे, असं बसायचं बघ आपण. इंग्लंड काही जमलं नाही. मग हर्षिताला हे न्यू व्हिटबी सापडलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाने आपल्या गावाच्या आठवणीने बांधलेलं, तसाच धक्का, तशाच खुर्च्या, वर आकाशपाळण्याचं चाकही. हे कळल्यावर शंकररावांनी दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही.

दुपारी गाव आलं.

रंग म्हणून कुठे राहिलाच नव्हता. हॉटेलच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, पाटीवरची दोन अक्षरं गळून पडली होती. दुकानांना फळ्या ठोकलेल्या. धक्क्याच्या टोकाला मोठं आकाशपाळण्याचं चाक होतं, पण त्याला एकही पाळणा नव्हता, नुसत्या काड्या. खुर्च्यांचा तर मागमूस नव्हता.

“यार हर्षिता,” वल्लरी हळूच म्हणाली, “एक स्टारवाला माणूस फारच चांगल्या मनाचा होता.”

शंकरराव गाडीतून उतरून ताठ उभे राहिले. वारा तोंडावर घेतला. मग रमाबाईंच्या कानाशी वाकून त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, “कसं आहे गं?”

आता काय सांगायचं? खरं बोलण्याबद्दल रमाबाईंची ख्याती होती. शाळेत मास्तरीणबाई होत्या, खोटं बोलणाऱ्या मुलांना त्यांनी तास तास उभं केलं होतं. पण त्या उत्सुक, धुकट डोळ्यांकडे बघून त्यांची जीभ आपोआप वळली.

“अहो, अगदी कॅलेंडरातल्यासारखं!” त्या म्हणाल्या. “पांढराशुभ्र रंग दिलाय हॉटेलला. नुकताच दिला असणार.”

“आणि चाक?”

“फिरतंय ना. लाल पाळणे आहेत.”

एकदा सुरुवात झाल्यावर रमाबाई थांबेनात. संध्याकाळपर्यंत त्यांनी गाव असं काही रंगवलं की तिथल्या नगरपालिकेने त्यांचा सत्कार करावा. खिडक्यांत कुंड्या ठेवल्या, दिव्याच्या खांबांना पितळी टोप्या बसवल्या, चार दुकानंही उघडली. शंकरराव मान डोलवत ऐकत होते. असे खूश ते हर्षिताच्या जन्माच्या वेळी होते, त्यानंतर आत्ताच. रमाबाईंना खोटं बोलल्याची लाज वाटत होती आणि त्याच वेळी सुखही होत होतं.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्याला. हॉटेलच्या मालकीणबाई स्वतः कॉफी घेऊन आल्या. थकलेली, भली बाई. बाहेरच्या रंगाबद्दल माफ करा म्हणाल्या, लोक फार नावं ठेवतात, या वर्षीही काम जमलं नाही.

शंकररावांनी आपल्या वर्कशॉपच्या इंग्रजीत ताबडतोब उत्तर दिलं. “नो, नो, मॅडम! व्हेरी गुड व्हाइट पेंट. फर्स्ट क्लास फिनिश!”

बाई गोंधळून हसल्या. चेष्टा म्हणावी तर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्या “थँक यू” म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

“काकांनी चक्क पास केलं!” वल्लरी म्हणाली. “हर्षिता, लिहून ठेव, पाच स्टार!”

हर्षिता हसली नाही. तिने खिडकीबाहेरच्या पोपड्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग आईकडे. रमाबाईंनी ब्रेडला आधीच लावलेलं लोणी पुन्हा लावायला घेतलं.

नाश्ता झाल्यावर तिघं धक्क्यावर गेली. वल्लरी सामान भरायला मागे थांबली होती. पुढे आईबाबा, हात धरून, आणि चार पावलं मागे हर्षिता. वारा समोरून होता, त्यामुळे पुढचं बोलणं सगळं मागे येत होतं, हे रमाबाईंच्या ध्यानातच आलं नाही.

“सांभाळून, इथे फळी वर आलीय. हं. आता दोन्ही बाजूंना खुर्च्या आहेत बघा, निळ्यापांढऱ्या. नवं कोरं कापड आहे. माणसं बसलीत निवांत…”

“आई,” मागून आवाज आला. “खुर्च्या कुठायत?”

रमाबाई जागच्या जागी थांबल्या. मुलीकडे वळून बघायचं धैर्य त्यांना होईना. इतकी वर्षं उभी केलेली सगळी मुलं आता आपल्याकडे बघताहेत, असं त्यांना वाटलं.

“बाबा, इकडे बघा. मी कोणते कपडे घातलेत?”

शंकरराव वळले, पण जरा चुकीच्या दिशेला वळले. तेवढ्यावरून हर्षिताला सगळं कळलं. ती पुढे आली आणि तिने बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “कधीपासून?” तिने विचारलं. मग रडू आलं, मग राग आला. “आणि तुम्ही मला सांगत नाही! डोळे कोरडे पडतात म्हणे, चष्मा विसरलो म्हणे! मी येतेय नागपूरला. तुमच्याबरोबरच येते. पीएच.डी. गेली खड्ड्यात.”

“रिजेक्ट,” शंकरराव म्हणाले.

“बाबा, जोक नकोय.”

“जोक नाही करत. अर्धा कापलेला जॉब मशीनवरून उतरवला तर तो पुन्हा तसा बसत नाही. फुकट जातो. मी जन्मभर पोरांना हेच शिकवलं, आणि घरच्या पोरीने तेच करायचं? तू येऊन माझा डोळा परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग? तू येऊन बसलीस तर मला रोज वाटेल की हिचं मी वाटोळं केलं. तेवढं बघायला डोळे लागत नाहीत.” त्यांनी चाचपडत तिच्या खांद्यावर हात ठेवला. “एक वर्ष. पूर्ण कर आणि मग ये. तोवर तुझी आई आहे.”

“ही आई?” हर्षिता डोळे पुसत म्हणाली. “ही तर तुम्हाला कायच्या काय सांगते! बाबा, इथे एकही खुर्ची नाहीये.”

“माहीत आहे मला.”

आता रमाबाईंनी वर पाहिलं. शंकररावांनी हात पुढे करून कठड्याची लोखंडी पट्टी शोधली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा तांबडा झाला.

“कालच कळलं. हॉटेलच्या दारावर हात ठेवला तर रंगाचे पोपडे हातात आले. चाक फिरतंय म्हणाली, पण चाकाचा आवाज कुठाय? असलं जुनं बेअरिंग चार गल्ल्यांत ऐकू येतं.”

“मग मला बोलला का नाहीत?” रमाबाई कशाबशा म्हणाल्या. “त्या बाईसमोर फर्स्ट क्लास कशाला म्हणालात?”

“तू एवढ्या हौसेने सांगत होतीस. मी म्हटलं, रमाने रंग दिलाय, तो रिजेक्ट कसा करायचा?”

रमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. या माणसाने आपल्या हातच्या भाजीला कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि पास काय केलं, तर आपलं खोटं. त्यांना त्याच्यावर अतोनात प्रेम आलं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

कडेला एक जुना बाक होता. तिघं त्यावर बसली, शंकरराव मध्ये.

“आता तू सांग,” ते मुलीला म्हणाले. “खरंखरं. इन्स्पेक्शनला तुझी आई कामाची नाही. आणि पुढचं वर्षभर दर रविवारी फोनवर असंच सांगायचं, तुला काय काय दिसलं ते. कबूल?”

हर्षिताने बाबांच्या तांबड्या अंगठ्याकडे पाहिलं. ती नाही म्हणाली तर काय, हे रमाबाईंना माहीत होतं. ही पोरगी बॅग भरेल आणि शंकरराव उरलेला उजेड तिच्या ओझ्याखाली काढतील.

“कबूल,” हर्षिता शेवटी म्हणाली. “पण मग माझ्यापासून काहीही लपवायचं नाही. डॉक्टरांचं प्रत्येक बोलणं मला सांगायचं.”

“कबूल. चल, सुरू कर.”

“हॉटेलचा रंग उडालाय. पाटीवरची दोन अक्षरं पडलीत.”

“रिजेक्ट.”

“चाकाला पाळणेच नाहीत. दुकानं बंद. धक्क्याच्या फळ्या कुजल्यात.”

“रिजेक्ट. रिजेक्ट. आणि समुद्र?”

हर्षिताने समोर पाहिलं. रमाबाईंनीही पाहिलं. कालपासून एवढं सगळं रंगवण्याच्या नादात त्यांनी स्वतः समुद्राकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“राखाडी आहे, बाबा. वर ढग आहेत, त्याच रंगाचा. लाटा फार मोठ्या नाहीत. लांबवर एक बोट आहे, इतकी लहान की हलतेय की नाही तेही कळत नाही. माणसं…” तिने दोन्हीकडे पाहिलं. “माणसंच नाहीत. पूर्ण किनाऱ्यावर आपणच.”

“आपणच?”

“हो, बाबा.”

“मध्ये कुणाचं डोकं येत नाही?”

“कुणाचंच नाही.”

शंकररावांनी रमाबाईंचा हात शोधला आणि गंजाने तांबडा झालेला अंगठा त्यांच्या तळव्यावरून सावकाश फिरवला.

“गाडी कितीची आहे गं?” त्यांनी विचारलं.

“गाडी वल्लरीची आहे,” रमाबाई म्हणाल्या. “आपण म्हणू तेव्हा सुटेल.”

“पास,” शंकरराव म्हणाले, आणि पाय पसरून निवांत बसले.